नादाची गाळणी

अनंत चतुर्दशीच्या रात्रीं पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरून विसर्जनाची मिरवणूक चाललेली असते, तेव्हां सदाशिव पेठेंतील एखाद्या आंतल्या बोळांत खिडक्या लावून बसलेल्या माणसास काय ऐकूं येतें? ताशाची तडतड नाहीं, झांजांचा खणखणाट नाहीं. येतो तो ढोलाचा ठोका तेवढा, आणि तोहि कानावाटें येण्यापेक्षां भिंतीवाटें छातींत शिरल्यासारखा. खिडकी उघडली कीं ताशाचा थोडासा आवाज त्यांत मिसळतो. जिना उतरून बोळाच्या तोंडाशीं आलें म्हणजे झांजा उमटूं लागतात. आणि रस्त्याच्या कडेस उभें राहिलें कीं सगळें पथक आपल्या पुऱ्या धारेनिशीं अंगावर येतें. या अवधींत पथकानें आपलें वादन तिळभरहि बदललेलें नसतें. भिंती, बंद तावदानें आणि बोळाचीं वळणें यांनीं जलद कंपनांचे ध्वनि अडवून धरले होते व मंद कंपनांच्या ध्वनींना वाट दिली होती, इतकेंच.

सिंथेसायझर या विजेवर चालणाऱ्या वाद्यांत फिल्टर म्हणून जो भाग असतो, त्याचें काम मुळांत हेंच आहे. मराठींत त्याला गाळणी म्हणावयास हरकत नाहीं. फरक एवढाच कीं, येथली भिंत वाजविणाराला हवी तेव्हां जाड वा पातळ करतां येते, आणि एकच स्वर वाजत असतां, सेकंदाच्या अल्प भागांतहि, ती हालवितां येते. पुढची बहुतेक करामत या हालविण्यांत आहे.

गाळणी काय गाळते हें समजण्यासाठीं नादाच्या पोटांत शिरलें पाहिजे. आपल्या संगीतशास्त्रांत नादाचीं तीन लक्षणें सांगतात: उंचनीचपणा, लहानमोठेपणा आणि जाति. पहिल्या दोहोंचा येथें संबंध नाहीं. एकाच षड्जावर सनई, सारंगी आणि हार्मोनियम हीं वाद्यें सारख्याच जोरानें वाजलीं तरी डोळे मिटून बसलेला श्रोता तीं अचूक ओळखतो, तो जातीवरून. या जातीचें मर्म हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें १८६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत उलगडून दाखविलें. वाद्याचा वा गळ्याचा नाद क्वचितच एकटा येतो. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पांचपट अशा आंदोलनसंख्येचे उपस्वर त्याच्या पोटीं असतात. आपल्या संगीतग्रंथांच्या प्रघाताप्रमाणें मध्य षड्जाचीं आंदोलनें दर सेकंदास २४० धरलीं, तर ४८० वर तार षड्ज, ७२० वर त्यापुढचा पंचम, ९६० वर आणखी एक षड्ज आणि १२०० वर गंधार असा हा परिवार चढत जातो. यांपैकीं कोण मोठ्यानें बोलतो आणि कोण कुजबुजतो, यावर नादाची जाति ठरते.

याचा पडताळा घेण्यास यंत्र लागत नाहीं. एकच स्वर धरावा आणि श्वास न तोडतां त्यावर प्रथम ‘ऊ’, मग ‘आ’ आणि शेवटीं ‘ई’ म्हणावा. गळ्यांतील स्वरतंतु तिन्ही वेळीं तेंच काम करीत असतात. ओठ, जीभ आणि जबडा यांनीं तोंडाच्या पोकळीचा आकार तेवढा बदलतो, आणि ती पोकळी कांहीं उपस्वरांना उचलून धरते व बाकीच्यांना दाबते. पुरुषाच्या आवाजांत ‘आ’ म्हणतांना सुमारें ७०० आणि ११०० आंदोलनांच्या आसपासचे उपस्वर पुढें येतात. ‘ई’ म्हणतांना खालीं ३०० च्या जवळचे आणि वर २२०० च्या पलीकडचे. ‘ऊ’ मध्यें ३०० आणि ८००-९०० च्या जवळचे तेवढे राहतात व वरचें सारें मावळतें. वर्णमालेंतील ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ यांनाहि स्वर म्हणावयाचें आणि षड्ज-पंचमांनाहि स्वरच म्हणावयाचें, ही आपल्या भाषेची सोय कधींकधीं घोटाळ्याची वाटते. पण दोहोंची गांठ कोठें पडते तें या प्रयोगांत नेमकें कानाला सांपडतें. ख्यालगायकींत आकाराला जो मान आहे, त्यामागें उघड्या तोंडावाटें उपस्वरांचा मोठा परिवार बाहेर पडतो हेंहि एक कारण असावें.

तोंडाची ही युक्ति यंत्रांत उतरविण्याचा प्रयत्न सिंथेसायझराच्या कितीतरी आधीं झाला होता. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या होमर डडली यांनीं तयार केलेलें ‘व्होडर’ नांवाचें यंत्र १९३९ सालीं न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत मांडलें होतें. त्याच्यांत मूळ ध्वनि दोनच: एक गुणगुण आणि एक सळसळ. दहा बोटांखालीं दहा गाळण्या होत्या, आणि पुष्कळ दिवस सराव केलेल्या मुली त्या कमीअधिक दाबून यंत्राकडून इंग्रजी वाक्यें वदवीत. ही विद्या टेलिफोनच्या धंद्यांतून आली होती. एका तारेवरून अनेक संभाषणें धाडून पलीकडे तीं वेगळीं काढावयाचीं, तर विजेच्या लहरी कंपनसंख्येप्रमाणें निवडणारी गाळणी लागते. अशा गाळणीचें पेटंट जॉर्ज कॅम्बेल यांना १९१७ सालीं मिळालें. टेलिफोननें स्वतःहि बोलण्याचा ३०० ते ३४०० आंदोलनांपुरताच पट्टा पलीकडे पोंचविण्याचा रिवाज ठेवला. शब्द समजतात, माणूस ओळखतो, पण आवाज चपटा वाटतो, तो त्यामुळें.

मध्यमवर्गी घरांत गाळणी आली ती मात्र रेडिओबरोबर. आकाशवाणीचें पुणें केंद्र १९५३ सालीं सुरू झालें. त्या काळच्या व्हॉल्व्हच्या पुष्कळ रेडिओंवर आवाजाच्या आणि स्टेशनच्या बटणांखेरीज ‘टोन’ असें आणखी एक बटण असे. रात्रीं खरखर वाढली म्हणजे घरांतील वडील माणूस तें फिरवून खरखर कमी करी. त्याबरोबर सारंगीची धारहि बोथट होई, कारण खरखर आणि सारंगीचे वरचे उपस्वर यांची वस्ती एकाच पेठेंत. गाळणीला सूर आणि कचरा यांतला भेद कळत नाहीं. तिला कंपनसंख्या तेवढी कळते.

सिंथेसायझराकडे वळलें कीं प्रथम लक्षांत येतें तें हें कीं, त्याचा मूळ ध्वनि मुद्दाम कर्कश ठेवलेला असतो. आलेखावर करवतीच्या दात्यांसारखी दिसणारी जी लहर तो निर्माण करतो, तिच्यांत सगळे उपस्वर उतरत्या जोरानें हजर असतात. चौकोनी लहरींत एक, तीन, पांच, सात असे विषम तेवढे असतात, म्हणून ती पोकळ, क्लॅरिनेटच्या वळणाची वाटते. मूर्तिकाराला जसा आधीं मोठा दगड लागतो, तसा गाळणीला आधीं भरगच्च ध्वनि लागतो. मुळांत जो उपस्वर नाहीं तो कोणतीहि गाळणी आणूं शकत नाहीं. नवशिके वादक गुळगुळीत ध्वनि घेऊन गाळणीचीं बटणें फिरवीत बसतात आणि कांहींच घडत नाहीं म्हणून कंटाळतात, त्याचें कारण हेंच.

गाळणीचें पहिलें बटण ‘कटऑफ’चें. सीमा कोठें घालावयाची तें यावर ठरतें. ती १००० आंदोलनांवर ठेवली, तर वर सांगितलेल्या परिवारांतील पहिले तीन निर्वेध सुटतात, ९६० चा षड्ज जरासा दबून येतो, आणि १२०० च्या गंधारापासून पुढें ओहोटी लागते. ओहोटीच म्हटली पाहिजे; गाळणी ही सुरी नव्हे, उतार आहे. ‘सप्तकास २४ डेसिबेल’ अशा जातीच्या गाळणींत सीमेपलीकडे दर सप्तक चढतांना उपस्वराच्या कंपाचा विस्तार सुमारें सोळाव्या हिश्श्यावर येतो. १२ डेसिबेलच्या गाळणींत तो चौथ्या हिश्श्यावर येतो व ध्वनि अधिक मोकळा राहतो. खालचे ध्वनि अडवून वरचे सोडणाऱ्या आणि मधलाच पट्टा ठेवणाऱ्या गाळण्याहि असतात. त्यांचे उपयोग बेताचे.

दुसरें बटण ‘रेझोनन्स’चें, म्हणजे अनुनादाचें. गाळणींतून बाहेर पडलेल्या ध्वनीचा कांहीं अंश पुन्हां तिच्याच तोंडीं घातला, कीं सीमेलगतचे उपस्वर फुगून वर येतात. आतां सीमा सावकाश खालून वर सरकवीत नेली, तर पंचम, षड्ज, गंधार असा एकेक उपस्वर जणूं रांगेंतून पुढें येऊन आपलें नांव सांगतो व मागें सरतो. अनुनाद फारच वाढविला तर गाळणी आपल्यापुरती शीळ घालूं लागते. येथें मात्र ती केवळ गाळणी राहत नाहीं, स्वतःच वाद्य होते. हें बटण हिंगासारखें आहे. चिमूटभर असावें. पुष्कळांची हिंगाची डबीच आमटींत उपडी होते.

येथपर्यंत सांगितलेलें सारें हातानें बटण फिरवून करतां येतें. अमेरिकन इंजिनिअर रॉबर्ट मूग यांनीं १९६४ पासून जीं वाद्यें बांधलीं त्यांत गाळणीची सीमा विजेच्या दाबानें हालूं लागली, आणि खरा बदल येथें झाला. ट्रान्झिस्टरांच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांप्रमाणें एकावर एक रचून त्यांनीं केलेल्या गाळणीचें पेटंट त्यांना १९६९ सालीं मिळालें. कळ दाबतांच गाळणीला एक ठराविक इशारा मिळावा, तिनें अमुक वेगानें उघडावें, अमुक वेगानें मिटावें, अशी व्यवस्था आतां करतां येऊं लागली.

याचें महत्त्व सतारीची एक तार छेडून कळतें. नखीचा आघात होतो त्या क्षणीं वरचे उपस्वर भरपूर असतात. ते लवकर विझतात आणि मागें मूळ स्वर व त्याचे जवळचे सोबती रेंगाळतात. म्हणजे तारेची जाति छेडल्यापासून विझेपर्यंत एक राहतच नाहीं. करवती लहरीवर गाळणी एकदम उघडून झपाट्यानें मिटविली, कीं कानाला तार छेडल्याचा भास होतो. याउलट फुंकेच्या वाद्यांत दम वाढेल तशी धार वाढते; त्यासाठीं गाळणी आघाताबरोबर न उघडतां किंचित् मागून उघडावी लागते. तार आणि फुंक यांतला हा फरक मूळ लहर न बदलतां, केवळ गाळणीच्या चालीनें दाखवितां येतो. सिंथेसायझराचा आवाज निर्जीव असतो ही मैफलींत बसणाऱ्या मंडळींची तक्रार जुनी आहे आणि पुष्कळ अंशीं खरीहि आहे. पण बहुतेक वेळां दोष गाळणी एका जागीं खिळवून ठेवणाऱ्याचा असतो. पहिला स्वर आणि शेवटचा स्वर एकाच जातीचा, स्वराचा आरंभ आणि अंतहि एकाच जातीचा, हें कान फार वेळ सोसत नाहीं.

हें वाद्य हिंदुस्थानांत लवकर आलें. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन या संस्थेंत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनीं १९६९ सालींच मूगचा संच बसवून दिला. तेथें १९६९ ते १९७२ या काळांत झालेलीं ध्वनिमुद्रणें बासनांत पडून राहिलीं आणि २०२३ सालीं प्रसिद्ध झालीं. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर याहून लक्षणीय गोष्ट मुंबईंत घडली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार आणि कीबोर्ड वाजविणारे चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’ या नांवाची ध्वनिमुद्रिका केली. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग. साधनें म्हणून रोलंड या जपानी कंपनीचीं तीन यंत्रें. त्यांपैकीं ‘टीबी-३०३’ हें चिमुकलें यंत्र एकट्यानें सराव करणाऱ्या वादकाला बेस गिटारची साथ मिळावी म्हणून १९८१ सालीं बाजारांत आलें होतें. गिटारची नक्कल त्याला साधली नाहीं आणि १९८४ सालीं त्याचें उत्पादनहि थांबलें. परंतु त्याला दोन गोष्टी येत होत्या: एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणें, आणि अनुनादासकट गाळणी स्वरागणिक हालविणें. पहिली गोष्ट आपल्या मींडेच्या दूरच्या नात्यांतली. दुसरी, एकच स्वरपंक्ति पुनःपुन्हां येत असतां तिची जाति पालटीत नेण्याची. १९८७ सालीं शिकागोच्या तरुणांनीं तेंच टाकाऊ ठरलेलें यंत्र उचलून ‘ॲसिड हाउस’ या नांवानें नृत्यसंगीताचा एक नवा पंथ काढला. मुंबईच्या ध्वनिमुद्रिकेची तिच्या काळीं कोणी फारशी वास्तपुस्त केली नव्हती. २०१० सालीं ती परदेशांतून पुन्हां निघाली, तेव्हां लोकांनीं तारखा ताडून पाहिल्या आणि तोंडांत बोटें घातलीं. रागदारी म्हणून ती ऐकूं जाणाराची निराशा होईल. ठेका डिस्कोचा आहे, आलापाला उसंत नाहीं. जातीचा खेळ म्हणून ती ऐकावी.

अनुनाद वाढवून गाळणीची सीमा सावकाश हालविली असतां जो ध्वनि निघतो, तो सवाई गंधर्व महोत्सवांत रात्रीं जागलेल्या पुणेकर कानाला अगदींच परका वाटणार नाहीं. तानपुऱ्याच्या जवारींत उपस्वर असेच एकामागून एक झळकतात. खरजाच्या तारेंतून न छेडलेला गंधार ऐकूं येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतों. मग जवारी ही एक प्रकारची गाळणीच काय?

नव्हे. मिरजेंत तानपुरे बनविणाऱ्या कारागिरांच्या हाताखालीं काय घडतें तें पाहिलें म्हणजे हा भेद ध्यानांत येतो. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा सपाट नसतो. त्याला अगदीं सूक्ष्म असा गोलवा दिलेला असतो, आणि तारेखालीं सुताचा एक धागा सरकवून ‘जीव’ लावतात. तार कांपतांना घोडीच्या त्या उतारावर पुनःपुन्हां टेंकते आणि सुटते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं या वाद्यांवर एक निबंध लिहिला. तार जेथें छेडावी, तेथें ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदु येतो ते उपस्वर उमटूं नयेत, असा पाश्चात्य शास्त्रांतला मान्य नियम होता. वीणा आणि तानपुरा तो नियम जुमानीत नाहींत, आणि त्याचें कारण ही वांकडी घोडी आहे, हें त्यांनीं दाखवून दिलें. म्हणजे गाळणी असलेल्यांतून कांहीं काढून टाकते, तर जवारी खालच्या कंपनांची शक्ति घेऊन वरचे उपस्वर नव्यानें उपजविते. परिणाम सारखा भासतो. क्रिया उलट आहे.

सिंथेसायझरावर तानपुऱ्याची आस धरावयाची तर हा भेद उपयोगी पडतो. उपजविण्याचें काम गाळणीकडून व्हावयाचें नाहीं, म्हणून आरंभींच उपस्वरांनीं भरलेली करवती लहर घ्यावी. तारेंत छेडल्यानंतर प्रबळ उपस्वरांचा पट्टा हळूहळू खालीं उतरत जातो. तेव्हां अनुनाद मध्यम ठेवून गाळणीची सीमा आघाताबरोबर वर न्यावी आणि चारपांच सेकंद घेऊन सावकाश उतरवावी. पंचम, दोन षड्ज आणि खरज या चारहि स्वरांना ती एकाच मापानें लावूं नये. प्रत्येक आघाताला उतरण किंचित् निराळी असावी, आणि आधीचा स्वर विझण्यापूर्वीं पुढचा यावा. इतकें केल्यावर जें ऐकूं येतें तें तानपुरा नव्हे, पण त्याच्यावर सूर लावतां येतो. चार तारा एकाच भोपळ्याच्या आधारानें एकमेकींना हालवितात, ती गोष्ट यांत येत नाहीं.

घरोघरीं आज रियाजाला खरा तानपुरा क्वचित् असतो. बहुतेक विद्यार्थी मोबाईलवरचा तानपुरा लावून बसतात, आणि मोबाईलचा चिमुकला ध्वनिवर्धक ही आणखी एक गाळणी आहे, उलट्या जातीची. मंद कंपनें त्याला पेलत नाहींत. काळी एकच्या षड्जानें गाणाऱ्या मुलाच्या तानपुऱ्यांत खरजाची तार सुमारें ६९ आंदोलनांवर असते; तिचा मूळ स्वर त्या यंत्रांतून जवळजवळ येतच नाहीं, आणि तिचा पांचवा उपस्वर, म्हणजे ३४६ च्या आसपासचा तो गंधार, मात्र येतो. खरज गेल्याचें कानाला चटकन् कळत नाहीं, कारण वरच्या उपस्वरांवरून मेंदू त्याची भरपाई करतो. पण अशी भरपाई ऐकत तास-दोन तास आवाज लावणें आणि प्रत्यक्ष खरजावर आवाज टेंकणें यांत फरक आहे. मोबाईल एखाद्या मोठ्या ध्वनिवर्धकाला जोडावा, तो जमिनीवर भिंतीशीं ठेवावा, आणि त्यावर ‘टोन’ वा ‘ट्रेबल’चें बटण असेल तर आधीं तें पुरें मिटवून, खरज नीट ऐकूं येऊं लागल्यावर, गंधार उमटेपर्यंतच उघडावें.